काडतुसाची पारख

जॉन ब्राउनिंग यांनी रचलेली ‘ऑटो-५’ ही अर्धस्वयंचलित छऱ्याची बंदूक १९०२ पासून बेल्जियममध्ये तयार होऊ लागली. हलक्या व जड काडतुसांसाठी तिच्यातील घर्षणकडी निरनिराळ्या रीतीने बसवावी लागे. जडाच्या मांडणीत हलके काडतूस उडविल्यास यंत्रणा अडून राही. उलट झाल्यास धक्क्याने बंदूकच खिळखिळी होई. नव्या बंदुकीचा धनी मात्र प्रथम जोरदार काडतूसच मागतो! त्याने आधी नळीवरील अंक वाचावा. ७० मिलिमीटरच्या घरात ७६ मिलिमीटरचे काडतूस सहज शिरते, कारण ही लांबी बार उडून तोंड उलगडल्यानंतरची असते. उलगडण्यास जागा न मिळाल्यास दाब धोकादायक वाढतो. वीस बोअरचे काडतूस तर बारा बोअरच्या नळीत घसरून दिसेनासे होते; मागून दुसरे भरून बार काढला की नळी फुटते. यासाठीच वीस बोअरची काडतुसे पिवळी करण्याचा प्रघात आहे.