पुढची संख्या कोणती?



३, ५, ९, १५, २३ - पुढची संख्या कोणती? शिष्यवृत्तीच्या आणि इतर स्पर्धा परीक्षांत असे प्रश्न हमखास असतात. गुण थोडे, परंतु थोड्या गुणांनीच कित्येकदा शिष्यवृत्ती हुकते. खेड्यातील विद्यार्थी येथे अडखळतो, तो बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर रीत कोणी दाखविलेली नसते म्हणून.

रीत अवघड नाही. प्रथम लगतच्या संख्यांतील फरक मांडावेत. येथे ते २, ४, ६, ८ असे आहेत; म्हणून पुढील फरक १० आणि उत्तर ३३. फरकांत नियम दिसला नाही, तर प्रत्येक संख्येला मागील संख्येने भागून पाहावे. नंतर वर्ग व घन तपासावेत. संख्या आलटूनपालटून चढत-उतरत असतील, तर दोन मालिका एकमेकींत गुंफल्या आहेत काय, हे पाहावे. २, ५०, ४, ४५, ६, ४० यांत एक मालिका दोनांनी चढते, दुसरी पाचांनी उतरते; म्हणून पुढे ८.

ही विद्या आपल्या भूमीला नवी नाही. याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळील पाटण येथे, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याचे तेथील शिलालेख सांगतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त श्रेढीव्यवहार हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील एक दाता पहिल्या दिवशी ४ द्रम्म देतो आणि दररोज ५ द्रम्मांनी दान वाढवितो. पंधराव्या दिवशी तो ७४ द्रम्म देतो. एकूण दान ५८५ द्रम्म होते. पहिल्या पदाला 'आदि', वाढीला 'चय' आणि पदांच्या संख्येला 'गच्छ' म्हणतात. ही तिन्ही ठाऊक असल्यावर उत्तर एकच येते.

कोड्यात मात्र चय सांगितलेला नसतो. तो ओळखावा लागतो. सावधपणा हवा तो येथेच. वर्तुळावर बिंदू घेऊन ते सर्व एकमेकांना रेषांनी जोडले, तर १, २, ३, ४, ५ बिंदूंनी वर्तुळाचे अनुक्रमे १, २, ४, ८, १६ भाग पडतात. सहाव्या बिंदूला ३२ भाग होतील असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात रेषा कशाही काढल्या, तरी ३१ हून अधिक भाग पडत नाहीत! पाच पदे जुळली म्हणून नियम सिद्ध होत नाही.

फैजपूरकरांना हे निराळे सांगावयास नको. १८८५ पासून काँग्रेसची अधिवेशने शहरांत भरत आली. एप्रिल १९३६ मध्ये ते लखनौस भरले. नुसता क्रम पाहणाऱ्याने पुढचे नावही एखाद्या शहराचेच सांगितले असते. परंतु डिसेंबर १९३६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरले ते फैजपुरास! खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. काँग्रेस खेड्यांपर्यंत गेली पाहिजे, हा गांधीजींचा आग्रह त्यामागे होता. तो ज्याला ठाऊक होता, त्यालाच हे पद आश्चर्याचे वाटले नसेल. पुढील अधिवेशन १९३८ साली हरिपुरा या गुजरातेतील खेड्यात भरले.

तेव्हा विद्यार्थ्यांनी सराव करताना उत्तराशेजारी नियमही एका वाक्यात लिहावा आणि तो दिलेल्या प्रत्येक पदाला लावून पाहावा. एकही पद चुकले, तर नियम सोडून द्यावा. दोन नियम जुळले, तर सोपा निवडावा. शिक्षकांनी 'उत्तर काय?' या प्रश्नानंतर 'कशावरून?' हा दुसरा प्रश्न विचारावा. वेगळे उत्तर देणाऱ्या मुलाचा नियम ऐकल्याखेरीज त्याला चूक ठरवू नये. परीक्षेत पहिल्या प्रश्नाला गुण मिळतात. गणित मात्र दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते.