वजन शून्य, घडणावळ सगळी



चांदीची वस्तू हातात आली की आपल्याकडे पहिला प्रश्न वजनाचा. किती भाराची आहे? मोडीत घातली तर काय येईल, घट किती धरतील? आज मी ज्या वस्तूंबद्दल बोलणार आहे त्यांच्यापुढे हा प्रश्नच उरत नाही. राणी व्हिक्टोरियाच्या काळात, म्हणजे 1837 ते 1901 या वर्षांत, इंग्लंड-अमेरिकेत जेवणाच्या टेबलावर चांदीचा मुलामा दिलेली नाना गमतीदार रूपांची भांडी आली. चमचे गरम ठेवणारा शंख, चाकांवर धावणारी नॅपकिनची कडी, खारीचे वा कुत्र्याचे रूप घेतलेल्या लहानमोठ्या वस्तू. त्यांच्यात चांदी इतकी थोडी की सराफ ती घेणार नाही. जे काही मोल आहे ते घडणावळीचे, आणि म्हणूनच त्या जमवाव्यात असे माझे मत आहे.

मुलामा त्यापूर्वीही होता. 1743 च्या सुमारास शेफील्डच्या टॉमस बोल्सोव्हर या कारागिराने तांब्याच्या लगडीवर चांदीचा पत्रा ठेवून दोन्ही एकत्र तापवले. ते असे सांधले गेले की लाटून पातळ केले तरी चांदी तांब्याला सोडीना. पुढे जवळजवळ शंभर वर्षे ‘शेफील्ड प्लेट’चा हा धंदा चालला. पण त्यात पत्रा आधी आणि भांडे नंतर. पत्रा कापला की कडेला तांबे उघडे पडे, ते चांदीच्या तारेने झाकावे लागे. पंखांची पिसे, खडकांच्या कपारी, मुलाच्या कुरळ्या केसांच्या बटा असे ओतीव, उठावदार काम त्या पत्र्यातून काढणे फार जिकिरीचे होते.

1840 मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉर्ज एल्किंग्टन आणि हेन्री एल्किंग्टन यांनी जे पेटंट घेतले, त्याने हा क्रमच उलटला. त्यामागची कळ सापडली ती जॉन राइट नावाच्या एका सर्जनला. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शीले यांचे लेखन वाचताना त्याच्या ध्यानात आले की सोन्याचांदीची सायनाइडे पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणात विरघळतात. एल्किंग्टननी त्याची युक्ती विकत घेतली. मग कृती अशी ठरली: द्रावणाच्या हौदात एका बाजूला चांदीचे पत्रे टांगायचे, दुसऱ्या बाजूला तयार भांडे टांगायचे आणि वीज सोडायची. पत्र्याची चांदी सुटते आणि भांड्यावर बसते, प्रत्येक खाचेत, प्रत्येक पिसावर. आता भांडे आधी आणि चांदी नंतर. कारागिराने हलक्या धातूत हवा तो आकार ओतावा, झाळावा, कोरावा. चांदी त्याच्या मागून येणार. पुढची चाळीस-पन्नास वर्षे या भांड्यांनी जी रूपे घेतली, त्यांचे मूळ मला या उलट्या क्रमात दिसते.

आणि वीज कुठून आणायची? आरंभी बॅटऱ्या होत्या. 1844 मध्ये बर्मिंगहॅममध्येच वूलरिच यांचे यंत्र आले. फॅरेडेने 1831 साली दाखवलेल्या तत्त्वावर ते वीज निर्माण करी, आणि ती मुलाम्याच्या कामी लागे. विजेचे दिवे घरोघर पोचण्याच्या कितीतरी आधी वीज चमच्यांवर चांदी चढवत होती! ते यंत्र आजही बर्मिंगहॅमच्या थिंकटँक संग्रहालयात आहे. विम्बल्डनची महिला विजेती दरवर्षी जी तबकडी डोक्यावर उचलून धरते, ती याच एल्किंग्टनच्या कारखान्यात 1864 साली घडली. तुम्ही सगळ्यांनी ती टीव्हीवर पाहिली आहे.

मुलाम्याखाली बहुधा दोनच धातू सापडतात. एक जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू. यात चांदीचा कणही नसतो, आणि आपण घरात ‘जर्मनचे पातेले’ म्हणतो त्या ॲल्युमिनियमशीही याचा संबंध नाही. दुसरा ब्रिटानिया धातू: बहुतांश कथील, सोबत अँटिमनी आणि थोडे तांबे. पहिला कडक, टिचकी मारली तर खणखणतो. दुसरा मऊ आणि बद्द वाजतो. हा फरक कानात ठेवा, पुढे त्याचे काम पडेल.

माझ्या आवडीचे भांडे म्हणजे चमचे गरम ठेवण्याचा शंख. इंग्रजी घरात स्वयंपाकघर बहुधा तळघरात आणि जेवणाची खोली वर, गार. मटणाच्या रश्शात थंड चमचा घातला की चरबी चमच्यालाच थिजे. त्यावर हा उपाय. माझ्याकडे जो आहे त्यात ओबडधोबड खडकांच्या ओतीव बैठकीवर एक फुगीर शंख तिरका टेकला आहे. शंखाच्या तोंडाला बिजागरीचे झाकण आहे. आत कढत पाणी ओतायचे, वाढायचे चमचे त्यात उभे करायचे. शंखाच्या पोटावर, जिथे पुसणाऱ्याचे फडके रोज फिरले, तिथे चांदी गेली आहे आणि खालून पिवळसर करडा धातू डोकावतो. खडकांच्या सांदीत मात्र ती आजही जशीच्या तशी. आत बोट फिरवले तर पाण्याच्या क्षारांचा खरखरीत पांढरा थर लागतो. म्हणजे हा शंख नुसता कपाटात बसला नाही, त्याने चाकरी केली. तो थर मी कधीही काढणार नाही.

वाढण्याची पद्धतही याच काळात बदलली. पूर्वी सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत. पुढे रशियन रीत आली आणि नोकर एकेक पदार्थ बाहेरून आणून वाढू लागले. टेबल मोकळे झाले, आणि त्या मोकळ्या जागेवर फुले, फळे आणि ही छोटी भांडी आली. खारवलेल्या लोणच्यांच्या काचेच्या बरण्या चांदीच्या चौकटीत बसल्या, द्राक्षे कापायला कात्री आली, टोस्ट उभे करायला जाळ्या आल्या. मिठाच्या वाटीत निळ्या काचेचे अस्तर असते, कारण मीठ चांदीला खाते. अंड्यातल्या गंधकाने चमचा काळा पडतो, म्हणून अंड्याच्या चमच्यांना वरून सोन्याचा मुलामा देत. टोस्टच्या जाळीचा विषय निघाला की ख्रिस्तोफर ड्रेसर यांचे नाव घ्यावेच लागते. मूळचे ते वनस्पतिशास्त्रज्ञ, 1876-77 मध्ये जपान पाहून आलेले. हुकिन अँड हीथ आणि जेम्स डिक्सन या कारखान्यांसाठी त्यांनी इतकी सडसडीत, बिननक्षीची भांडी आखली की ती कालची वाटावीत. त्यांच्याविषयी मला आदर आहे. जीव मात्र माझा शंखावरच.

अमेरिकेत याच हौसेने नॅपकिनच्या कड्या घडवल्या. कनेक्टिकट राज्यातल्या मेरिडन गावाची मेरिडन ब्रिटानिया कंपनी 1852 सालची. तिच्यासारख्या कारखान्यांनी कडीच्या शेजारी मांजर, पक्षी, टोपी घातलेली मुले उभी केली. काही कड्यांना फिरणारी चाके आहेत, मुलाने ती टेबलावरून ओढत न्यावी. श्रीमंतांच्या घरी दर जेवणाला धुतलेला नॅपकिन मिळे, त्यांना कडीची गरज नव्हती. मध्यम घरात एकच नॅपकिन काही दिवस चाले, आणि तो कोणाचा हे कडीवरून ओळखू येई. आईने प्रत्येक मुलासाठी वेगळी आकृती निवडायची. एका कडीच्या आत लहान मुलाचे नाव कोरलेले मी पाहिले आहे, आणि मला ती कडी एखाद्या सरदाराच्या सुरईपेक्षा मोलाची वाटते.

आता खरेदीचे. भांडे प्रथम उलटे करा. ई, पी, एन, एस (इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर, म्हणजे मुलामा दिलेले जर्मन सिल्व्हर) ही अक्षरे एकेका ढालीच्या आकारात छापलेली असतील तर हुरळून जाऊ नका. खऱ्या चांदीच्या शिक्क्यांसारखी दिसावीत म्हणून ती तशी छापत. इंग्लंडच्या खऱ्या चांदीवर चालता सिंह असतो, यांच्यावर नसतो. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा ठसा दिसला तर थांबा. 1842 ते 1883 या काळात इंग्लंडमध्ये नव्या आकाराची नोंद करताना तो दिला जाई. वर वर्तुळात वर्गाचा आकडा, धातूसाठी रोमन एक. 1867 पर्यंत वर्षाचे अक्षर त्याच्या खाली असते, 1868 पासून ते उजव्या कोपऱ्यात जाते. मात्र तारीख नोंदणीची. भांडे नंतरही घडलेले असू शकते. अमेरिकी भांड्यावर ‘1847 रॉजर्स ब्रदर्स’ असे दिसते. ते व्यापारी नाव आहे, वस्तूचे साल नव्हे. विक्रेते ते साल म्हणून सांगतात आणि नवखे फसतात.

जोडकामाकडेही लक्ष द्या. एका भांड्याची पुतळी काढून दुसऱ्या कडीला झाळतात. सांध्याशी रंग बदललेला असतो. नव्या ओतकामात चेहरे बोथट येतात, बोटांच्या फटी भरलेल्या असतात.

जपणुकीबद्दल माझे मत कडक आहे. टूथपेस्ट, रांगोळी, राख यांनी आपण देवाची चांदी घासतो. भरीव चांदी ते सोसते, हा पातळ थर सोसत नाही. प्रत्येक घासणीत थोडी चांदी फडक्यावर जाते. मऊ सुती कापडाने पुसा, रबराच्या जवळ ठेवू नका, आणि काळे पडले तर वर्षातून एखादेच वेळी हलक्या हाताने उजळा. बद्द वाजणारे, म्हणजे ब्रिटानिया धातूचे भांडे तुटले तर सराफाच्या फुंकणीखाली देऊ नका. ते बहुतांश कथील आहे, डोळ्यांदेखत वितळून गोळा होईल. नवा मुलामा तर नकोच. तो देण्याआधी यंत्रावर भांडे घासून गुळगुळीत करतात, आणि ज्या कोरकामासाठी आपण ते घेतले तेच नाहीसे होते.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 1980 च्या जानेवारीत चांदीचा भाव जगभर अचानक भडकला, तेव्हा कित्येक जुनी चांदीची भांडी वितळवून टाकली गेली. मुलाम्याची भांडी वाचली, कारण वितळवून काही मिळणार नव्हते. आज त्या काळच्या सामान्य घरातले टेबल आपल्याला दिसते ते यांच्यामुळे.

आपला याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. ग्वाल्हेरच्या जयविलास महालात शिंद्यांची चांदीची आगगाडी आहे. जेवणाच्या टेबलावरच्या रुळांवरून ती मद्याच्या सुरया आणि सिगार फिरवी, आणि सुरई उचलली की थांबे. ती राजाची हौस, पण गोडी हीच. इंग्रजी घरगुती माल विकणाऱ्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचे दुकान मुंबईत 1891 मध्ये उघडले. मटन स्ट्रीटवरच्या चोरबाजारात अशी भांडी आजही दिसतात. काही तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावरही असतील.

माझी विनंती एवढीच. तसे काही हाती लागले तर भंगारवाल्याला देण्याआधी ते उलटे करून ठसा पाहा आणि त्याचा फोटो काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की हे कोणाचे, कुठून आले, कशासाठी वापरत. ते सांगतील ते एका चिठ्ठीवर लिहून भांड्यासोबत ठेवा. मुलामा देणाऱ्याच्या दुकानात मात्र ते नेऊ नका.