साथ, मुले आणि मुलांचे नवे डॉक्टर



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावणे पाठविले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. 'बालसंगोपन' असे काहीतरी त्यांच्या मनात असावे. म्हातारा बालवैद्य आला म्हणजे त्याने दूध, पेज आणि दात येण्याच्या वेळचा ताप ह्यांवर बोलावे, अशी अपेक्षा असते, आणि ती वावगी नाही. परंतु आज आम्ही मुलांविषयी थोडे आणि मुलांच्या डॉक्टरांविषयी अधिक बोलणार आहोत. त्यातही जे नुकतेच शिकून बाहेर पडले होते किंवा पडण्याच्या बेतात होते, आणि ज्यांच्या नेमक्या उंबरठ्यावर २०२० साली कोरोनाची साथ येऊन बसली, त्यांच्याविषयी.

विषय ऐकून समोरच्या काही मंडळींना हसू आले, ते आम्ही पाहिले. साथीत डॉक्टरांनी पैशाच्या राशी केल्या असा समज गावोगाव आहे. काही ठिकाणची बिले आपण सर्वांनीच पाहिली आहेत आणि त्यांचे समर्थन करण्यास आम्ही येथे उभे नाही. पण सगळे डॉक्टर एका माळेचे मणी नव्हेत. छातीचे डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर ह्यांना त्या दिवसांत जेवायला उसंत नव्हती. आणि त्याच दिवसांत, त्याच रस्त्यावर, मुलांचा डॉक्टर आपल्या दवाखान्यातल्या रिकाम्या बाकांकडे पाहत बसला होता.

प्रत्येक साथीची भूक वेगळी असते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने ऐन उमेदीतली माणसे फार नेली. ह्या साथीने वृद्ध आणि व्याधिग्रस्त वेचले, आणि मुलांना बहुतांशी सर्दीतापावर सोडून दिले. काही थोड्या मुलांना बाधेनंतर दोनचार आठवड्यांनी अनेक अवयवांना सूज आणणारा गंभीर विकार झाला, हे खरे, आणि त्यांत प्राण गेले हेही खरे. पण एकंदर मुलांच्या मानाने अशी मुले फार थोडी. देवाची कृपा म्हणा. मात्र ह्या कृपेची एक बाजू कोणी पाहिली नाही, आणि ती समजण्यासाठी मुलांच्या डॉक्टराचा संसार कशावर चालतो हे आधी पाहिले पाहिजे.

मोठ्यांच्या डॉक्टराकडे रोगी दुखणे घेऊन येतो. आमच्याकडे निम्मी मुले धडधाकट असताना येतात. जन्मल्याबरोबर पहिल्या लशी, मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नवव्या महिन्यात गोवराची, दीड वर्षाला बूस्टर, पाचव्या वर्षी पुन्हा. ह्या फेऱ्यांत आईची ओळख होते, विश्वास बसतो, आणि मग रात्री अकराला मूल तापले की ती दुसरीकडे न जाता आपलेच दार वाजविते. उरलेली निम्मी येतात ती शाळेतून, पाळणाघरातून एकमेकांची सर्दी, जुलाब आणि कांजिण्या घेऊन. आणि तिसरा आधार म्हणजे शेजारचे प्रसूतिगृह. तेथे मूल जन्मले की पहिला निरोप आम्हांला. नव्या डॉक्टराला पाटी लावल्यापासून जम बसायला तीनचार वर्षे लागतात. तोवर फ्रिजमध्ये स्वतःच्या पैशाने आणलेल्या लशी असतात, आणि त्यांतली एकेक लस दोनतीन हजारांची, मुदत संपली की फेकून देण्याची. हे सारे गणित मुले रोज दारात येत राहतील ह्या एका गृहीतावर बांधलेले असते.

आमची एक विद्यार्थिनी. नाव सांगत नाही, कारण ती सभेला येऊ शकली नसली तरी तिचे नातेवाईक आले असतील. ती एम. डी. झाली आणि २०१९ च्या दसऱ्याला एका तालुक्याच्या गावी तिने पाटी लावली. जागा भाड्याची, बँकेचे कर्ज, दोन परिचारिका. मोठ्या शहरात न राहता ती तालुक्याला गेली ह्याचे आम्हांला फार कौतुक वाटले आणि उद्घाटनाला आम्ही नारळही फोडला. सहा महिने पुरे होण्याच्या आत मार्चची टाळेबंदी आली.

पहिल्या आठवड्यात तिला वाटले, भीती ओसरली की लोक येतील. पण भीती नुसती ओसरायची राहिली असे नव्हे, मुलांची आजारपणेच ओसरली. शाळा बंद, लग्ने बंद, जत्रा बंद. मुलाला मूल भेटेना, तेव्हा सर्दी द्यायची कोणी आणि घ्यायची कोणी? आम्ही चाळीस वर्षांत पावसाळ्यातला असा शांत दवाखाना पाहिला नव्हता. आणि ज्या लशींसाठी येणे अगत्याचे होते, त्यांसाठीही माणसे आली नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांचा अंदाज पाहा. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात ह्यांच्या लशीचे तीन डोस पुरे झालेल्या बालकांचे प्रमाण आपल्या देशात २०१९ साली शंभरात ९१ होते. ते २०२० साली ८५ वर आले. सहा म्हणजे फार नव्हेत असे कोणास वाटेल. आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक मुले जन्मतात. हिशेब आपणच करावा.

फोनवरून औषध सांगण्याची रीतसर मुभा सरकारने २५ मार्च २०२० रोजी दिली. मोठ्या माणसाला त्याचा उपयोग झाला. पण सहा महिन्यांचे मूल फोनवर काय सांगणार? त्याची छाती आत ओढली जाते का, टाळू खोल गेली आहे का, हे अंधाऱ्या खोलीत हलत्या मोबाइलवरून ओळखणे म्हणजे ज्योतिष. शिवाय फोनवरच्या सल्ल्याला पैसे द्यायचे असतात हे आपल्या लोकांच्या गावीही नव्हते, तो भाग निराळा.

रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट कर्जाचे हप्ते लांबविण्याची सवलत दिली. सवलत हप्त्याची होती, व्याज चालूच होते. परिचारिकांचे पगार आमच्या विद्यार्थिनीने दागिने मोडून दिले की माहेरून आणून, हे आम्ही विचारले नाही. पुढच्या गुढीपाडव्याच्या आधी पाटी उतरली. त्याच तालुक्यात तिच्याहून पंधरा वर्षे आधी बसलेल्या डॉक्टरांचा दवाखाना तगला. त्यांची जागा स्वतःची होती, कर्ज फिटलेले होते आणि मुलांच्या दोन पिढ्या त्यांना ओळखत होत्या. संकट दोघांवर एकच आले, पण बुडाले ते ज्याचे पाय अजून तळाला लागले नव्हते ते माणूस.

आता जे अजून शिकत होते त्यांच्याकडे वळू. पदव्युत्तर शिक्षण तीन वर्षांचे. त्याचे मर्म ग्रंथांत नाही, हात बसण्यात आहे. तान्ह्याच्या केसाएवढ्या शिरेत सुई घालणे, धाप लागलेल्या पन्नास मुलांतून खरोखर बिघडत चाललेले एक मूल दारातूनच ओळखणे, ही विद्या मुले पाहूनच येते. साथीत सरकारी रुग्णालयांतून पुष्कळ ठिकाणी मुलांचे वॉर्ड मोठ्यांच्या खाटांना दिले गेले आणि मुलांचे निवासी डॉक्टर सत्तरीच्या रोग्यांच्या उशाशी प्राणवायूचे आकडे लिहीत उभे राहिले. त्यांनी ते काम मनापासून केले. आम्ही ते जवळून पाहिले आहे आणि त्याबद्दल त्यांना नमस्कार केला आहे. परंतु जे पावसाळे गेले ते गेले. त्या वर्षांतली धाप लागलेली तान्ही मुले त्यांना दिसलीच नाहीत.

त्यात परीक्षांचा घोळ झाला. पदव्युत्तर प्रवेशाची 'नीट' परीक्षा १८ एप्रिल २०२१ ला व्हायची ती पुढे गेली आणि ११ सप्टेंबरला झाली. नवी तुकडी येईपर्यंत जुन्यांनी काम करीत राहावे, असे मे महिन्यात ठरले. मग आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणातील आठ लाखांच्या मर्यादेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, प्रवेश अडले, डिसेंबरात दिल्लीचे निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले आणि जानेवारी २०२२ मध्ये प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या. मध्यंतरी कित्येक महिने वॉर्डांत तीन तुकड्यांचे काम दोन तुकड्या ओढीत होत्या. पंचविशी-तिशीच्या मुलामुलींचे एक वर्ष असे वाहून गेले. लग्न, पुढची परीक्षा, सरकारी बंधपत्राची सेवा, सगळेच त्यामागे सरकले. विलायतेस जाण्याचा ज्यांचा बेत होता त्यांच्या तिकडच्या परीक्षाही २०२० च्या वसंतात रद्द झाल्या होत्या.

आणि मग, गंमत पाहा, ह्याच तरुणांची एकाएकी टंचाई भासू लागली. २०२१ च्या मे महिन्यात जिकडेतिकडे एकच भविष्यवाणी: तिसरी लाट मुलांवर येणार. तिला शास्त्रीय आधार तोकडा होता. मोठ्यांना लस मिळाली, मुले राहिली, म्हणून आता मुलांची पाळी, एवढाच तर्क. तरी आपल्या राज्याने मुलांसाठी खास कृतिदल नेमले, आणि जुलैत केंद्राने २३,१२३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीत देशातल्या ७३६ जिल्ह्यांत मुलांसाठी विभाग उभारण्याची तरतूद होती. तयारी केली ह्याला आम्ही नावे ठेवणार नाही. न करता लाट आली असती तर आज कोणत्या तोंडाने बोललो असतो? परंतु योजनेची मुदत जुलै २०२१ ते मार्च २०२२, म्हणजे नऊ महिने. यंत्रे नऊ महिन्यांत येतात. बालरोगतज्ज्ञ तयार व्हायला डॉक्टर झाल्यावरही तीन वर्षे लागतात. तेव्हा ज्यांच्या दारात वर्षभर कोणी फिरकले नव्हते, त्यांना कंत्राटी नेमणुकांचे फोन येऊ लागले. आमची विद्यार्थिनीही अशा एका नेमणुकीवर गेली. जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉन आला आणि गेला. मुले बहुतेक घरीच बरी झाली. तिचे कंत्राट संपले, पुढचे आले नाही.

असा दोनदा चटका बसलेला माणूस पुढे कोणता मार्ग धरील? आम्ही आकडे सांगत नाही. आमच्या हाताखालून गेलेल्या मुलामुलींचे जे पाहिले ते सांगतो. स्वतःची पाटी लावणारे कमी झाले. महिन्याच्या महिन्याला पगार देणाऱ्या मोठ्या रुग्णालयांत जाणारे वाढले. नवजात बालकांच्या अतिदक्षतेकडे ओढा वाढला, आणि त्याचे कारण त्यांच्यापैकी एकाने आम्हांस रोखठोक सांगितले: "सर, शाळा बंद होते, बाळंतपण बंद होत नाही." काहीजण मुलांच्या वाढविकासाकडे वळले. दोन वर्षे घरात कोंडलेली, मोबाइलपुढे जेवलेली, बोलायला उशीर झालेली मुले आता दवाखान्यांत येत आहेत, आणि ह्या कामाला खरोखरीच माणसे हवी आहेत. आणि काही हुशार मुलांनी, ज्यांनी लहानपणापासून मुलांचा डॉक्टर व्हायचे ठरविले होते, त्यांनी क्ष-किरणशास्त्र घेतले.

सगळे खापर साथीवर फोडू नये, हेही खरे. बालरोगतज्ज्ञाची मिळकत इतर तज्ज्ञांच्या मानाने कमी, ही तक्रार साथीच्या पुष्कळ आधीची, आणि ती आपल्याच देशातली नव्हे. अमेरिकेत २०२४ च्या मार्चमध्ये निवासी डॉक्टरांच्या जागांची वाटणी झाली, तेव्हा मुलांच्या शाखेतल्या अडीचशेच्या आसपास जागा रिकाम्या राहिल्या. आदल्या वर्षी त्या शंभराच्या आत होत्या. तेथेही कर्जाचा बोजा आणि पगारातली तफावत ह्यांचीच चर्चा आहे. साथीने नवा रोग आणला नाही. होता तो वर काढला.

ह्याची किंमत कोण देतो, ते एका प्रसंगाने सांगतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला, भिवंडीला, मालेगावला गोवराचा उद्रेक झाला. सुमारास आमच्या गावीही एक मूल तापाने फणफणून रुग्णालयात आले. डोळे लाल, नाक वाहते, अंगावर अजून पुरळ नाही. दोन तरुण डॉक्टर मुलाभोवती होते, दोघेही हुशार, पुस्तक तोंडपाठ. त्यांनी रक्ताच्या पाच तपासण्या लिहिल्या होत्या. आम्ही मुलाचा गाल बॅटरीने पाहिला. आत मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके होते. "हा गोवर," आम्ही म्हणालो, "उद्या परवा अंगावर दिसेल." दोघांनी आळीपाळीने बॅटरी हातात घेतली आणि बराच वेळ पाहत राहिले. एकजण हळूच म्हणाला, "सर, पहिल्यांदाच पाहतोय." त्यात त्याची चूक कोणती? लस नीट चालली म्हणून गोवर दिसेनासा झाला. मग साथीत लस चुकली म्हणून गोवर परत आला, आणि तो ओळखायला शिकण्याची वर्षे त्याच साथीने खाल्ली होती.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आम्ही चारपाच निवृत्त मंडळी रुग्णालयात जाऊन बसतो. शिकवतो असे म्हणणे जास्त होईल. मूल आले की तरुणांबरोबर पाहतो, इतकेच. कोणी मानधन देत नाही आणि चहा बरा मिळतो.

आमची ती विद्यार्थिनी आज शहरात एका मोठ्या रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागात नोकरीला आहे. कर्ज फिटत आले आहे. जिथे तिने पाटी लावली होती त्या तालुक्याच्या गावचे जुने डॉक्टर मागल्या वर्षी थकून घरी बसले. आता तिथल्या मुलांना रात्री ताप आला तर पन्नास किलोमीटर गाडी करावी लागते. त्या गावचे चार प्रतिष्ठित लोक आमच्याकडे आले होते, तिला परत पाठवा म्हणून. जागा बिनभाड्याची देऊ, म्हणाले. आम्ही तिला फोन केला.

ती नाही म्हणाली नाही. तिने एकच विचारले, "सर, तिथली प्रसूतिगृहे अजून चालू आहेत का?"

आम्ही गेल्या आठवड्यात जाऊन पाहून आलो. दोन होती. एक चालू आहे. दुसऱ्याला कुलूप आहे. तसे तिला कळविले आहे, आणि उत्तराची वाट पाहत आहोत.