ठिणगीची वेळ

बीड शहरांत आगगाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. तोंपर्यंत या गांवाचा सारा भरंवसा सडकेवर होता. हैदराबाद संस्थानांत निजामाच्या रेल्वेखात्यानें १९३२ सालीं २७ गाड्यांनिशीं बसवाहतूक सुरू केली. पुढें १९४७ ते १९४९ च्या सुमारास महिंद्र कंपनी विलिस जीपचे भाग मुंबईंत जोडूं लागली, आणि ओढेनाले व बालाघाटाचे चढ असलेल्या अशा मुलखाला ती गाडी मानवली. त्या काळची जीप अजून जपणारे शौकीन आहेत. गाडी सपाटीवर उत्तम धांवते. पण बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढूं लागली कीं खडे वाजावे तसा आवाज करते, किंवा पाणी उकळून थांबते. मालक पेट्रोलाला दोष देतो. दोष पुष्कळदां ठिणगीच्या वेळेंत असतो.

सिलिंडरांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण दट्ट्या दाबतो, प्लगची ठिणगी तें पेटवितें आणि भडक्याच्या जोरानें दट्ट्या खालीं ढकलला जातो. मात्र मिश्रण क्षणांत जळून जात नाहीं. त्याला सेकंदाचे दोन-तीन सहस्रांश लागतात. मिनिटाला ३००० फेरे घेणारें इंजिन एका सहस्रांशांत १८ अंश फिरतें. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोंचण्यापूर्वींच ठिणगी पडावी लागते. जुन्या विलिस जीपला मंद चालीवर हें अंतर ५ अंशांचें सांगितलेलें आहे. वेग वाढेल तसें तें वाढविण्याचें काम डिस्ट्रिब्यूटरमधील फिरतीं वजनें करतात.

ठिणगी उशिरां पडली तर तें वरातीमागून घोडें. अर्धा भडका धुराड्यावाटे वायां जातो, इंजिन तापतें आणि पेट्रोल फार खातें. ती फार आधीं पडली तर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. दट्ट्या वर येत असतांनाच भडक्याचा दाब त्याला खालीं रेटतो, उरलेलें मिश्रण आपोआप पेटून खटखट होते, आणि हें फार दिवस चाललें तर दट्ट्या फुटतो. हँडल मारून गाडी चालूं करणाराचें तर मनगटच मोडावयाचें. हँडल उलटें फिरून हातावर येतें. म्हणून जाणते मिस्त्री अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवतात, हँडलाला विळखा घालीत नाहींत.

वेळ लावण्याची रीत अवघड नाहीं. क्रम मात्र चुकूं नये. पॉइंटमधील फट बदलली कीं वेळही बदलते. म्हणून आधीं फट मोजावी. जीपला ती सुमारें अर्धा मिलिमीटर असते. मग चावी बंद ठेवून पहिल्या सिलिंडरचा प्लग काढावा, भोकावर बोट धरावें व हँडल सावकाश फिरवावें. हवेचा दाब बोटाला लागला कीं दट्ट्या वर येत आहे असें समजावें, आणि फ्लायव्हीलवरील खूण कांट्यासमोर आणावी. आतां डिस्ट्रिब्यूटरचा रोटर पहिल्या प्लगच्या तारेकडे असला पाहिजे.

नंतर बॅटरीच्या व्होल्टचा लहान दिवा घेऊन त्याचें एक टोंक डिस्ट्रिब्यूटरच्या बारीक तारेला व दुसरें इंजिनाच्या लोखंडाला लावावें. डिस्ट्रिब्यूटरचा स्क्रू सैल करून चावी चालूं करावी. डिस्ट्रिब्यूटर प्रथम रोटरच्या दिशेनें थोडा फिरवावा, म्हणजे पॉइंट मिटून दिवा विझतो. मग तो उलट दिशेनें हळूहळू आणावा. दिवा लागला त्याच क्षणीं पॉइंट उघडले. तीच ठिणगीची वेळ. तेथेंच स्क्रू आंवळावा, चावी बंद करावी आणि प्लग परत बसवावा.

शेवटीं कानाची साक्ष घ्यावी, पण ती खुणेनंतर. पुष्कळजण खटखट होईपर्यंत ठिणगी आधीं आणतात, मग किंचित् मागें घेतात, आणि वेळ लागली असें मानतात. जुन्या हलक्या पेट्रोलाच्या दिवसांत हा अंदाज कांहींसा चाले. आतांचें पेट्रोल वेगळें आहे. त्यांतील शिसें १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झालें, आणि २०२५ पर्यंत इथेनॉलचें प्रमाण वीस टक्क्यांवर गेलें. असें पेट्रोल सहसा खटखट करीत नाहीं. त्यामुळें ठिणगी मर्यादेबाहेर आधीं गेली तरी कान गप्प राहतो. पण हँडलाचा उलटा फटका चुकत नाहीं.

म्हणून मांजरसुंब्याच्या पायथ्याशीं पोंचण्याआधीं घरच्या अंगणांत अर्धा तास द्यावा. फीलर गेज, दिव्याची एक तार आणि फ्लायव्हीलवरची खूण एवढ्या साहित्यावर जुनी गाडी घाट चढते, आणि चालविणाराचा हात शाबूत राहतो.