दोन मिनिटांचं काम



मी बचत गटांची समन्वयक. पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवरचे १४ गट माझ्याकडे आहेत. दर वेळी मी तुमच्याशी हप्ते, वह्या, ठराव यांबद्दल बोलते. आज माझ्या गाडीबद्दल बोलणार आहे. हसू नका, गाडीचा आणि गटाचा संबंध आहे.

गाडी म्हणजे २००६ सालची मोपेड. आमच्याकडे मोपेड कुठल्याही कंपनीची असो, तिला लुनाच म्हणतात. पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लुना १९७२ साली आली आणि ते नाव सगळ्याच मोपेडना चिकटलं. माझी गाडी मी एका निवृत्त गुरुजींकडून ९,००० रुपयांना घेतली. पैसे माझ्या गटातून कर्जानं उचलले. महिन्याला ५०० मुद्दल आणि वर व्याज, असे १८ हप्ते फेडले. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी गाडीपुढं नारळ फोडला.

उन्हाळ्यात गाडीनं कधी त्रास दिला नाही. खरी परीक्षा पावसाळ्यात. आमच्याकडचा पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. रस्त्यावर तांबडा चिखल, वरून घरंगळलेले दगड, आणि धुकं असं की पुढचं वळण दिसत नाही. एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. दरड आली की तीही नाही.

असाच आषाढ होता. भाताची लावण चालू होती. आमच्या एका सदस्य बाईचा नवरा खाचरात घसरून पडला, मांडीचं हाड मोडलं. त्याला कराडला नेलं. औषधं, गाडीभाडं, बाहेरून आणायचं सामान, सगळं धरून १५,००० रुपये लगेच लागणार होते. गटानं रात्रीच बैठक घेतली, कर्ज मंजूर केलं, ठराव लिहिला, सगळ्यांच्या सह्या झाल्या. पंधरा बायका कंदिलाच्या उजेडात बसल्या होत्या. एकीनंही नाही म्हटलं नाही.

दुसरा दिवस शनिवार. अध्यक्षताई सकाळच्या एसटीनं पुढं गेल्या. गटाचं पासबुक नोंदी करायला माझ्याकडे होतं. मी ते घेऊन वाडीवर पोचले, सचिवताईंना मागं बसवलं आणि निघायला दीड वाजला. बँक १८ किलोमीटर. पासबुक आणि ठराव दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून रेनकोटच्या आत ठेवला होता.

निम्म्या वाटेत, चढावर, गाडीनं दोन गचके दिले आणि बंद पडली. पायडल मारून मारून पोटऱ्या भरून आल्या. सचिवताईंनी ढकलून पाहिलं. मोबाईलला रेंज नाही. वरून पाऊस कोसळतोय, आणि आम्ही दोघी त्या गाडीकडं बघत उभ्या. दोन तासांनी दुधाचा टेम्पो आला, त्यात बसून गेलो. बँकेत पोचलो तेव्हा रोखीचं काउंटर बंद झालं होतं. बँकेचा दोष नाही, त्यांची वेळ संपली होती. दुसऱ्या दिवशी रविवार.

त्या बाईनं त्या संध्याकाळी गळ्यातलं डोरलं सावकाराकडं ठेवलं. सोमवारी गटाचे पैसे निघाले, डोरलं सुटलं. पण सावकारानं शेकडा ५ रुपयांनी महिन्याचं पूर्ण व्याज घेतलं. दोनच दिवसांचे ७५० रुपये. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

गाडी त्याच टेम्पोवाल्यानं परत येताना उचलून पाटणला मिस्त्रीकाकांकडं टाकली होती. मी गेले तेव्हा काकांनी प्लगची टोपी ओढून काढली, झटकली. आतून पाणी उडालं. प्लग खोलला, कोरड्या फडक्यानं पुसला, परत बसवला. पायडल मारलं. गाडी सुरू.

मी विचारलं, "झालं?"

"झालं की. करंट येत नव्हता. ३० रुपये द्या."

दोन मिनिटांचं काम होतं ते. मी तिथंच बसले. म्हटलं, "काका, मला हे शिकवा." ते म्हणाले, "ताई, तुम्ही वह्या लिहिणाऱ्या. हात काळे करायचं काम तुमचं न्हवं." मग मी त्यांना डोरल्याची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. पायानं एक डबा पुढं सरकवला आणि म्हणाले, "बसा."

दोन महिने दर रविवारी मी त्या डब्यावर बसले. शिकले ते तुम्हाला सांगते.

काकांचा पहिला धडा असा, की बंद पडलेल्या गाडीवर राग काढायचा नाही, तिला क्रमानं प्रश्न विचारायचे. पेट्रोल आहे का? करंट आहे का? हवा जाते का? उगीच सगळं खोलत बसायचं नाही.

पेट्रोल म्हणजे टाकीत आहे का, कॉक उघडा आहे का, नळीतून खाली उतरतंय का. पावसाळ्यात टाकीच्या झाकणातून पाणी शिरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाला बसतं आणि आधी तेच कार्बोरेटरमध्ये उतरतं. कार्बोरेटरखालची वाटी काढून पाहिली तर तळाशी पाण्याचे मणी दिसतात. ते ओतून टाकायचे, वाटी पुसून बसवायची. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं. म्हणून पावसाळ्यात पेट्रोल महिना महिना साठवून ठेवू नका. आणि हे काम चुलीजवळ, दिव्याजवळ, कुणी विडी ओढत असेल तिथं कधीही करायचं नाही.

करंट म्हणजे प्लग. गाडी गार झाल्यावर प्लगपान्यानं तो खोलायचा. काळा, तेलकट असेल तर बारीक पॉलिश पेपरनं घासायचा, कोरडा करायचा. टोकाची फट हेक्सॉ ब्लेडच्या जाडीएवढी असावी. मग प्लग टोपीत बसवून त्याचं लोखंड इंजिनला टेकवायचं आणि पायडल मारायचं. निळी ठिणगी पडली तर करंट चांगला. या वेळी टोपीला रबराच्या जागी धरा, लोखंडाला हात लावू नका, आणि जवळ पेट्रोल सांडलेलं नको. प्लग परत बसवताना आधी बोटांनी फिरवायचा, पाना शेवटी. तिरपा घुसला तर आटे जातात आणि मग खर्च मोठा.

हवा म्हणजे एअर फिल्टर. तो भिजला की गाडीचा जीव गुदमरतो. काढून वाळवायचा.

आमच्या जुन्या गाड्यांना पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. माझ्या गाडीला लिटरला २० मिली. "जास्त ऑइल म्हणजे जास्त चांगलं" असं मला वाटायचं. त्यानंच प्लग काळा पडत होता. आता खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण धुऊन डिकीत ठेवलंय, त्यानंच मोजते.

ओढ्यातून, पाण्यातून गाडी बाहेर आली की ब्रेक धरत नाहीत. हळू चालवत ब्रेक हलकेच दोन-चार वेळा दाबायचे, आतलं लायनर सुकतं, मगच वेग घ्यायचा. पुलावरून किंवा मोरीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायचीच नाही. बैठक उद्या होईल.

माझ्या डिकीत प्लगपाना, एक जादा प्लग, कोरडं फडकं, पॉलिश पेपर, स्क्रू ड्रायव्हर आणि प्लॅस्टिकची पिशवी असते. सगळं मिळून एका साध्या साडीच्या किमतीतही बसत नाही. प्लगच्या टोपीवर जुन्या ट्यूबचा तुकडा ओढून बसवलाय, पाणी आत जात नाही. इंजिन खोलण्याचं, पिस्टनचं काम मात्र मी करत नाही. ते काकांचं.

कागदांचंही सांगते. १५ वर्षं झाली की गाडीची नोंदणी पुन्हा करावी लागते, पुढं पाच-पाच वर्षांची मिळते. लायसन्स आणि विमा हवाच. हेल्मेट चालवणारीनंही घालायचं आणि मागं बसणारीनंही.

पुढच्या पावसाळ्यात त्याच चढावर गाडी परत बंद पडली. मागं सचिवताईच होत्या. त्यांचा चेहरा पडला. मी त्यांना छत्री गाडीवर धरायला सांगितली. प्लग खोलला, ओला होता. पुसला, बसवला. दहा मिनिटं गेली असतील. आम्ही बँकेत पोचलो, रांगेत उभ्या राहिलो, पैसे काढले. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

एक गोष्ट मात्र काकांनी शिकवली नाही, ती मला स्वतःलाच कळली. त्या शनिवारी चूक एकट्या गाडीची नव्हती. पासबुक माझ्याकडे नसतं, गावातच सचिवताईंकडं असतं, तर त्या दोघी सकाळच्या एसटीनं गेल्या असत्या आणि डोरलं गळ्यातच राहिलं असतं. माझ्या १४ गटांपैकी एकाचंही पासबुक आता माझ्या घरी नसतं. मी गावात जाते, तिथंच बसून नोंदी करते. गटाचे कागद गटाकडेच हवेत, समन्वयक कितीही विश्वासाची असली तरी.

तुमच्या गटात कुणाकडं गाडी असेल, नवऱ्याची असेल, मुलाची असेल, तर पुढच्या बैठकीला ती अंगणात लावा. वह्यांचं काम झालं की सगळ्यांनी मिळून एकदा प्लग खोला आणि परत बसवा. हात काळे होतील. राखेनं निघतात.