गावं दोन, पोलीस एक?

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

मागच्या भागानंतर पुण्याच्या एका श्रोत्यांनी विचारलं, "तुम्ही बोलता बोलता 'आमच्या गावाचे पोलीस' म्हणालात. पोलीस गावाचे कसे? पोलीस सरकारचे असतात ना?" प्रश्न अगदी रास्त आहे. आणि नेमका आत्ता आमच्याकडे हाच विषय तापलाय. मी न्यू जर्सीत ज्या छोट्या बरोमध्ये राहते (बरो म्हणजे आपल्याकडची नगरपंचायत समजा), तिथल्या कौन्सिलपुढे पुढच्या महिन्यात एक ठराव येतोय. आपलं पोलीस खातं बंद करायचं आणि शेजारच्या गावाच्या खात्याशी करार करायचा. आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो, टॅक्स कमी होईल, करून टाका. दुसरा म्हणतो, रात्री दोन वाजता फोन केला तर कोण येणार? म्हणून आज याच्यावर बोलूया.

आधी त्या श्रोत्यांच्या प्रश्नाचं उत्तर. भारतात पोलीस हा राज्याचा विषय. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, राज्यसूचीत तो आहे. त्यामुळे साताऱ्याचा पोलीस आणि सांगलीचा पोलीस एकाच महाराष्ट्र पोलीस दलाचा. अमेरिकेत तसं नाही. इथे साधारण १८ हजार वेगवेगळ्या पोलीस यंत्रणा आहेत, आणि त्यातल्या बहुसंख्य गावांच्या, शहरांच्या आहेत. पोलीसप्रमुख गाव नेमतं, पगार गाव देतं, गाडीवर नाव गावाचं.

आता न्यू जर्सीचं बघा. राज्य केवढं? आपले पुणे आणि अहिल्यानगर हे दोन जिल्हे एकत्र केले तर त्याहून लहान. आणि त्यात नगरपालिका ५६४! एकट्या बर्गन काउंटीत ७०. याला इतिहास आहे. १८९४ च्या सुमाराला शाळांच्या कराबद्दल राज्यानं कायदा बदलला. मग ज्याला त्याला वाटलं, आपला पैसा शेजाऱ्याच्या शाळेला कशाला? आणि टाउनशिपमधून फुटून निघालेल्या बरोंचं पीकच आलं. तेव्हाच्या लोकांनी त्याला आजाराचं नाव दिलं होतं, 'बरोआयटिस'. सव्वाशे वर्षं होऊन गेली, तो ताप अजून उतरलेला नाही. आणि घरपट्टी? सरासरी बिल वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास, सगळ्या देशात सर्वांत जास्त. त्यामुळे 'सेवा वाटून घ्या' असं इथलं प्रत्येक सरकार सांगत आलंय. २००७ साली त्यासाठी खास कायदाही झाला.

आता गंमत अशी आहे की आग आणि पोलीस ही दोन नावं आपण एका दमात घेतो, पण वाटून घेण्याच्या बाबतीत या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आगीचं आधी सांगते. अमेरिकेतले साधारण दोन तृतीयांश अग्निशामक स्वयंसेवक आहेत. म्हणजे दिवसा प्लंबर, शिक्षक, बँकेत नोकरी. पेजर वाजला की बंबाकडे धाव. आमच्या गावातही तसंच. आता एक नियम लक्षात घ्या. कामगार सुरक्षेचा इथला नियम सांगतो की धुरानं भरलेल्या जळत्या घरात दोघं आत गेले, तर दोघं तयारीनं बाहेर उभे हवेत. आत माणूस अडकलाय हे माहीत असेल तर अपवाद, पण एरवी चार माणसं पूर्ण होईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. शिवाय पंप चालवायला एक, सूत्रं हलवायला एक. मंगळवारी दुपारी दोन वाजता, सगळे कामाला गेलेले असताना, छोट्या गावात एवढी माणसं जमणार कुठून? म्हणून घराला आग लागल्याचा फोन आला की पहिल्याच घंटेला शेजारच्या दोन गावांचे बंबही निघतात. कोणी कोणाला विचारत बसत नाही. आज तुमच्याकडे आम्ही, उद्या आमच्याकडे तुम्ही. याला इथे 'म्युच्युअल एड' म्हणतात, आपण परस्पर मदत म्हणू. बहुतेक वेळा बिलसुद्धा पाठवत नाहीत. आपल्या आजीच्या गावी सुगीला जसा इर्जिक घालायचे ना, अगदी तोच हिशेब.

हे का जमतं? कारण आग क्वचित लागते, आणि लागली की काय करायचं यात मतभेद नसतो. विझवायची. बंबावर कुठल्या गावाचं नाव आहे हे जळत्या घरातला माणूस वाचत नाही.

पोलिसांचं असं नाही. पोलीस रोज दारासमोरून जातात. ते काय करतात याइतकंच ते काय *करत नाहीत* यालाही महत्त्व असतं. शाळेसमोर वेग जास्त असला तर चिठ्ठी फाडायची की समज द्यायची? रात्री उद्यानात बसलेल्या पोरांना हटकायचं की घरी सोडायचं? आणि हटकायचं तर कोणाच्या पोरांना? हे सगळे निर्णय आहेत, आणि ते निर्णय कोणाच्या सांगण्यावरून होतात हा खरा प्रश्न आहे. आग विझवणं ही सेवा झाली, पोलीस ही सेवा तर आहेच, पण ती सत्तासुद्धा आहे. सेवा वाटून घेता येते. सत्ता वाटून घेताना माणूस दहा वेळा विचार करतो, आणि करावाच.

याचं सुंदर उदाहरण म्हणजे प्रिन्स्टन. हो, तेच, विद्यापीठाचं. तिथे २०१२ सालापर्यंत दोन प्रिन्स्टन होते. मधे बरो आणि त्याच्या चहूबाजूंनी टाउनशिप. मेदूवडा डोळ्यांसमोर आणा: भोक म्हणजे बरो, वडा म्हणजे टाउनशिप. दोघांचं वाचनालय एक होतं, नियोजन मंडळ एक होतं, अग्निशमन दल एक होतं. पण पोलीस खाती दोन! एकाच रस्त्यावर पुढे गेलं की हद्द बदलायची. एकत्र येण्याचे प्रयत्न अनेक वर्षं फसत राहिले. शेवटी २०११ च्या नोव्हेंबरात मतदान झालं, दोन्हीकडच्या लोकांनी होकार दिला, आणि १ जानेवारी २०१३ पासून गावच एक झालं. तेव्हा कुठे पोलीस एक झाले. म्हणजे पोलीस एकत्र यायला दोन कौन्सिलांचं एक कौन्सिल व्हावं लागलं.

उलटं उदाहरण कॅम्डनचं. तिथे पैशाची इतकी ओढाताण झाली की २०११ च्या जानेवारीत शहरानं जवळजवळ निम्मे पोलीस कमी केले. मग २०१३ साली शहराचं पोलीस खातंच मोडलं आणि काउंटीनं नवं दल उभं केलं. कल्पना अशी होती की काउंटीतली बाकीची गावंही यात हळूहळू येतील. काउंटीत तीसहून अधिक नगरपालिका आहेत. आल्या किती? सुरुवातीची अनेक वर्षं एकही नाही. नाव काउंटीचं, पण काम मुख्यतः कॅम्डन शहरातच. दार उघडं ठेवलं म्हणून शेजारी आत येतातच असं नाही.

आता पैशाचा मुद्दा. कारण आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त भांडण त्यावरच आहे. एक साधं गणित करू. रस्त्यावर चोवीस तास एक पोलीस हवा. आठवड्याचे तास किती? १६८. एक माणूस काम करतो ४० तास. म्हणजे झाली ४.२ माणसं. त्यात रजा, आजारपण, प्रशिक्षण, कोर्टात साक्ष हे सगळं धरलं की एका जागेला पाच माणसं लागतात. दोन गाड्या फिरत्या ठेवायच्या तर दहा. त्यावर सार्जंट, तपासाला एक, आणि वर प्रमुख. आता शेजारच्या गावाचंही असंच. दोघं एकत्र आले तर काय वाचतं? एक प्रमुख वाचतो. फोन घेणारी खोली एक होते. नोंदी, शस्त्रं, संगणक एकीकडे येतात. पण रस्त्यावरची माणसं तेवढीच लागतात, कारण रस्ते कमी झालेले नाहीत! तीही कमी केलीत, तर बचत दिसेल, पण मग ती एकत्र येण्यातून आलेली बचत नव्हे. ती कपात आहे. शिवाय दोन खात्यांचे पगार वेगळे असतात, आणि एकत्र येताना करार सहसा जास्त पगाराच्या बाजूला झुकतो. म्हणून पहिल्या वर्षी बिल खूप खाली येईल असं कोणी सांगितलं, तर त्यांना शांतपणे कागद दाखवायला सांगा.

मग हे करूच नये का? मी तसं अजिबात म्हणत नाहीये. कॅलिफोर्नियात लेकवुड नावाचं शहर १९५४ साली जन्मालाच आलं ते या पद्धतीवर. स्वतःचं पोलीस खातं काढलंच नाही. लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफशी करार केला, आणि आज तिथली चाळीसेक शहरं तसंच करतात. पेन्सिल्वेनियात यॉर्क काउंटीत काही गावांनी १९७२ साली मिळून एक प्रादेशिक पोलीस खातं काढलं, ते अजून चालू आहे. म्हणजे टिकतं. पण या दोन पद्धतींत एक मोठा फरक आहे. लेकवुडच्या पद्धतीत तुम्ही गिऱ्हाईक असता. तास विकत घेता, पण शेरीफ तुमच्या हाताखाली नसतो. यॉर्कच्या पद्धतीत प्रत्येक गावाचा प्रतिनिधी खात्याच्या मंडळावर बसतो. तुम्ही भागीदार असता. गिऱ्हाईक आणि भागीदार, दोघंही पैसे देतात. पण जाब एकालाच विचारता येतो.

आमच्या गावापुढचा मसुदा मी वाचला. तो गिऱ्हाइकाचा करार आहे. म्हणून सभेत मी तीन गोष्टी विचारणार आहे, आणि तुमच्या गावात असा ठराव आला तर तुम्हीही विचारा.

पहिली: प्रमुख कोण नेमणार, आणि तक्रार असली तर ती कोणाच्या टेबलावर जाणार? आज मी कौन्सिलच्या सभेत उठून बोलू शकते. उद्या शेजारच्या गावच्या सभेत मला माईक मिळेल का? तिथे माझं मत नाही.

दुसरी: खर्च कशावर वाटणार? लोकसंख्येवर, मालमत्तेच्या किमतीवर, की आलेल्या फोनांवर? ऐकायला रुक्ष वाटतं, पण सगळी मेख इथेच आहे. शेजारच्या गावात हायवे आहे, मॉल आहे. लोकसंख्येवर वाटलं तर त्या मॉलमधल्या चोऱ्यांचा खर्च आम्ही उचलणार. फोनांवर वाटलं तर कौन्सिलला वाटायला लागेल की लोकांनी फोन कमीच केलेले बरे. आणि नवऱ्याच्या मारहाणीला घाबरलेल्या बाईनं फोन करताना गावाच्या बिलाचा विचार करायचा का?

तिसरी: बाहेर कसं पडायचं? खातं मोडणं एका ठरावाचं काम असतं. परत उभं करायचं तर माणसं, गाड्या, इमारत, अनुभव, सगळं शून्यापासून. म्हणून लग्नाच्या बोलणीतच काडीमोडाच्या अटी लिहून ठेवा. अपशकुन वाटला तरी चालेल.

आता महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी थोडंसं. पोलिसांचा प्रश्न तुमच्याकडे या रूपात येत नाही, पण आगीचा येतो. ७४ व्या घटनादुरुस्तीनं जी बारावी अनुसूची आली, त्यात अग्निशमन हे नगरपालिकांकडे द्यायच्या कामांमध्ये आहे. पण आग नगरपालिकेची हद्द बघत नाही. पंधरा किलोमीटरवरच्या वाडीत उसाचा फड पेटला की फोन नगरपरिषदेच्या बंबालाच जातो, नाहीतर जवळच्या एमआयडीसीच्या केंद्राला. बंब जातो, माणुसकीनं जातो. पण तो बाहेर असताना गावात आग लागली तर कोण येणार, डिझेल कोणी भरायचं, माणूस जखमी झाला तर जबाबदारी कोणाची, हे आधी कागदावर असलेलं बरं. तुमच्या नगरसेवकाला एकदा विचारून बघा.

आमची सभा पुढच्या महिन्यात आहे. ठरावाला माझा विरोध नाही. मला तो गिऱ्हाइकाचा करार भागीदाराचा करून हवाय, मंडळावर आमच्या दोन खुर्च्या धरून. ग्रुपवरची दोन्ही तटांची मंडळी त्या दिवशी सभागृहात आली, तर तेवढं बदलून घेता येईल असं मला वाटतं. ग्रुपवरचे अंगठे कौन्सिलला दिसत नाहीत हो.

सभेत काय झालं ते पुढे सांगेनच. तुमच्या गावाचा बंब कुठून येतो, किती वेळात येतो, ते मला जरूर कळवा. काळजी घ्या. भेटूया.