नवे सभासद : यावेत कसे, टिकावेत कसे?



बदलीच्या हुकुमावर आलेले मराठी कुटुंब आपण बहुधा गणेशोत्सवात गाठतो, तेही वर्गणीचे पावतीपुस्तक हाती घेऊन. पावती फाटते, सभासद मिळत नाही. १९०५ साली शिकागोत रोटरी क्लब निघाला, तेव्हा सभा सभासदांच्या कचेऱ्यांतून आळीपाळीने भरत; नावही त्यावरूनच पडले. आम्हांला त्यातले मर्म असे दिसते की, पाळी आली म्हणजे पाहुणा यजमान होतो. आपल्याकडे ही पाळी चार घरांतच फिरते आणि नवागताच्या वाट्याला सतरंज्या उचलणे येते! वास्तविक त्यांना हिशेब उत्तम येत असेल, सौभाग्यवती पेटी वाजवीत असतील. पण विचारतो कोण?

आमची सूचना अशी, की कोजागरीचा कार्यक्रम पहिल्याच वर्षी नव्या वसाहतीतील कुटुंबांवर सोपवावा. दूध थोडे करपेल, करपू द्यावे. तीन वर्षांनी त्यांची बदलीच व्हायची, ही हरकत आम्ही नेहमी ऐकतो. मग तीन कोजागऱ्या तरी पदरात पडतील! आणि येत्या जूनमध्ये त्यांच्या दारी जाताना पावतीपुस्तक घरी ठेवून शाळाप्रवेशाची, दूधवाल्याची व गॅसची माहिती न्यावी. वर्गणीचे दिवाळीनंतर पाहू.